डिझेल उपशासाठी सौरशक्ती

वीज गावोगावी पोचली असली, तरी ग्रामीण जीवनातून डिझेलचे पिंप अद्याप हद्दपार झालेले नाही. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, खोदकामाची यंत्रे, किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या नौका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे जनित्र आणि पाणीपुरवठा योजनेवरील राखीव इंजिन यांना डिझेल लागतेच. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसराचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुराने अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. मेळघाट आणि सातपुड्याच्या दुर्गम भागांतही पावसाळ्यात दळणवळण विस्कळीत होते. अशा ठिकाणी डिझेलचा थोडाफार साठा हाताशी ठेवणे ही निकडीची गोष्ट असते. लसी अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअस तापमानात राखावयाच्या असतात. वीज दीर्घकाळ गेली आणि जनित्रात डिझेल नसले, तर त्याचे परिणाम गावातील बालकांना भोगावे लागतात.

साठा असणे आणि तो वेळेवर, सुरक्षितपणे यंत्राच्या टाकीत पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोनशे लिटरचे भरलेले पिंप पावणेदोनशे किलोपेक्षा अधिक भरते. ते उचलून ओतता येत नाही, म्हणून त्यातील इंधन उपसावे लागते. हा उपसा कसा केला जातो याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. प्रस्तुत लेखात या कामासाठी सौरशक्तीचा उपयोग कसा करता येईल, त्यातील हिशेब कोणता आणि दक्षता कोणती, याचा विचार केला आहे.

तोंडाने नळी ओढण्याची घातक प्रथा

पिंपात रबरी नळी सोडावयाची, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढ घ्यावयाची आणि डिझेल आले की नळी खालच्या कॅनमध्ये धरावयाची, ही रीत अनेक ठिकाणी आढळते. ती बिनखर्चाची वाटते. परंतु वैद्यकीय दृष्ट्या ती अत्यंत घातक आहे. डिझेल, रॉकेल व पेट्रोल हे पातळ, सहज पसरणारे पदार्थ आहेत. घोटभर डिझेल तोंडात आले आणि ठसका लागला, तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. तेथून फुप्फुसात पसरलेला अल्पसा अंशही तीव्र दाह उत्पन्न करतो व त्यातून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. खोकला, धाप व ताप ही लक्षणे काही तासांनंतरही प्रकट होऊ शकतात.

असा प्रसंग घडल्यास रुग्णाला उलटी करवू नये, हे प्रत्येक शिक्षकाने व पंचायत सदस्याने ध्यानी ठेवावे. पोटातील इंधन उलटीबरोबर वर येताना पुन्हा फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे असे उपाय करू नयेत. रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अर्थात, नळी तोंडाला लावण्याची वेळच न येऊ देणे हा खरा उपाय होय.

हाताने फिरविण्याचा पिंपावरील पंप हा त्यावरचा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. महिन्यातून एखाददुसरे पिंप रिकामे होत असेल, तर तोच पुरेसा आहे. ज्या ठिकाणी रोज इंधन काढावे लागते, काम रात्री-अपरात्री करावे लागते, किंवा जनित्राजवळ एकटाच कर्मचारी असतो, तेथे विजेवरील लहान पंप उपयुक्त ठरतो. मात्र वीज गेल्यावर चालवावयाच्या जनित्राचे डिझेल मुख्य विजेवर उपसणे विसंगत आहे. म्हणून येथे सौरशक्तीचा प्रश्न येतो.

तेल आणि सूर्य यांचे जुने नाते

प्रकाशापासून सरळ वीज निर्माण होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकेरेल यांच्या १८३९ मध्ये लक्षात आले. व्यवहारोपयोगी सिलिकॉन सौरघट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५८ मध्ये व्हॅनगार्ड या उपग्रहावर त्याचा वापर झाला. पृथ्वीवर सौरघटांना जे पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले, त्यांत १९७० नंतरच्या दशकातील समुद्रातील तेलविहिरींचे फलाट होते. निर्मनुष्य फलाटांवरील इशाऱ्याचे दिवे वापरून टाकण्याच्या जड बॅटऱ्यांवर चालत असत. त्या वारंवार बदलण्यापेक्षा सौर पॅनेल परवडते, असे तेल कंपन्यांच्याच ध्यानात आले. भारतात १९७४ साली स्थापन झालेल्या साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने सौरघटांच्या निर्मितीस आरंभ केला. पुढे अनेक ग्रामीण पेट्रोलपंपांवरही सौर पॅनेल बसले. तेल उपसण्यासाठी सूर्याचे साह्य घेणे ही, सारांश, नवखी कल्पना नव्हे.

शक्ती आणि ऊर्जा यांतील भेद

सौर पंप म्हटला की डोळ्यांसमोर विहिरीवरील पंप येतो. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेमुळे असे कृषिपंप सर्वपरिचित झाले आहेत. तीन अश्वशक्तीच्या अशा पंपासाठी सुमारे तीन हजार वॅटची पॅनेल लागतात. साहजिकच डिझेलच्या पंपासाठीही मोठी मांडणी लागेल, असा समज होतो. हिशेब केला असता तो समज चुकीचा ठरतो.

डिझेल उपसण्याचे लहान पंप बहुधा १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. मिनिटाला ४० लिटर देणारा पंप साधारणपणे १५ अँपिअर प्रवाह घेतो, असे धरू. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट ही त्याची शक्ती झाली. दोनशे लिटरचे पिंप तो पाच मिनिटांत रिकामे करतो. पाच मिनिटे म्हणजे तासाचा बारावा हिस्सा. म्हणून एका पिंपासाठी लागणारी ऊर्जा १८० भागिले १२, म्हणजे १५ वॅट-तास इतकीच होते. एक युनिट वीज म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये ६६ पिंपे उपसता येतील.

तुलनेसाठी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट इतकी उष्णता साठलेली असते. दोनशे लिटरच्या पिंपात सुमारे २,००० युनिट ऊर्जा असते आणि ती एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेण्यासाठी युनिटचा अगदी क्षुल्लक अंश लागतो.

येथेच शक्ती आणि ऊर्जा यांतील भेद स्पष्ट होतो. पंपाला १८० वॅट हवेत, पण अत्यल्प काळ. पॅनेल ४० वॅटच देईल, पण दिवसभर. बारीक धारेने दिवसभर भरलेल्या रांजणातून संध्याकाळी एका दमात घागर भरून घ्यावी, तसाच हा व्यवहार आहे. या व्यवहारातील रांजण म्हणजे बॅटरी. विहिरीवरील पंपाला बॅटरी लागत नाही. कारण ऊन असताना उपसलेले पाणी टाकीत साठविता येते. डिझेलची गरज मात्र ऊन पाहून येत नाही. म्हणून तेथे पाणी साठवावयाचे आणि येथे वीज साठवावयाची, हा दोहोंतील मूलभूत फरक होय.

पॅनेल आणि बॅटरीचा आकार

महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे पाच तास पूर्ण तेजाच्या उन्हाइतका प्रकाश मिळतो, असे धरण्यास हरकत नाही. ४० वॅटचे पॅनेल त्या हिशेबाने दिवसाला २०० वॅट-तास देईल. पॅनेलवरील आकडा २५ अंश तापमानाचा असतो. उन्हाळ्यात पॅनेल ६० अंशांपलीकडे तापते आणि प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. धूळ, तारा आणि बॅटरी यांतील घटही धरावी लागते. एकंदरीत एक तृतीयांश वजा केले, तर सुमारे १३० वॅट-तास हाती राहतात. म्हणजे दररोज आठ पिंपे उपसण्याची सोय झाली. ढगाळ पावसाळी दिवशी उत्पादन एक पंचमांशावर आले, तरी एका पिंपाची निश्चिती राहते.

बॅटरीची निवड करताना केवळ ऊर्जेचा विचार पुरेसा नाही. पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढला जातो. लहान बॅटरीचा दाब अशा वेळी कोसळतो आणि मोटार फिरत नाही. म्हणून १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी योग्य ठरते. तिच्यात ४८० वॅट-तास मावतात. निम्म्याहून अधिक वापरू नये, हा नियम पाळला तरी २४० वॅट-तास, म्हणजे सूर्यदर्शन न होताही १६ पिंपांची तरतूद होते.

या मांडणीत पॅनेलचे खरे कार्य बॅटरी सदैव भरलेली ठेवणे हे आहे. शिसे-आम्ल बॅटरी वापराविना पडून राहिली तरी हळूहळू उतरते, उष्ण हवेत अधिक वेगाने उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसून ती कायमची निकामी होते. जनित्राची बॅटरी नेमकी गरजेच्या रात्री दगा देते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

जोडणीची पद्धत

पॅनेल दक्षिणाभिमुख बसवावे आणि त्याचा कल स्थानिक अक्षांशाइतका, म्हणजे आपल्या राज्यात साधारणपणे १६ ते २२ अंश ठेवावा. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ३६ घटांचे पॅनेल घ्यावे. त्याचा कार्यकारी दाब १७ ते १८ व्होल्ट असल्याने बॅटरी पूर्ण भरते. झाडाची किंवा खांबाची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी उत्पादन फार घटते. पंधरवड्यातून एकदा सकाळी गार पाण्याने पॅनेल पुसावे.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये भारनियंत्रक, म्हणजेच चार्ज कंट्रोलर, असलाच पाहिजे. तो बॅटरी जादा भरू देत नाही आणि रात्री उलट प्रवाह वाहू देत नाही. लहान नियंत्रकाची वीज देण्याची क्षमता बहुधा १० अँपिअर असते. त्यावर १५ अँपिअरचा पंप जोडला तर नियंत्रक जळतो. म्हणून पंपाची तार बॅटरीवरून स्वतंत्र घ्यावी आणि बॅटरीच्या धन टोकालगत २५ अँपिअरचा फ्यूज बसवावा.

कमी दाबाच्या विजेत तारेची जाडी फार महत्त्वाची असते. पंप बॅटरीपासून पाच मीटर दूर असेल, तर जाणारी व येणारी मिळून दहा मीटर तार होते. ती २.५ चौरस मिलिमीटरची घेतल्यास १५ अँपिअरला सुमारे सव्वा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, म्हणजे एक दशांश दाब गेला. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतल्यास हीच घट अर्ध्या व्होल्टवर येते.

पंपाच्या ओढनळीला जाळी असावी आणि तिचे टोक पिंपाच्या तळापासून पाचसात सेंटिमीटर वर राहावे. अर्धवट भरलेल्या पिंपात हवेतील दमट अंश थंड होऊन त्याचे पाणी तळाशी साचते. ते इंजिनात गेल्यास इंधन फवारणारे भाग गंजतात. पिंप रिते झाल्यावर पंप कोरडा फिरू देऊ नये. तोटीजवळ लिटर मोजणारे मापक बसविल्यास प्रत्येक उपशाची नोंद साठा नोंदवहीत घेता येते. सार्वजनिक पैशाने खरेदी केलेल्या इंधनाचा चोख हिशेब राहणे, हा या यंत्रणेचा दुय्यम नव्हे तर मुख्य लाभ मानावा.

आगीविषयी दक्षता

डिझेल पेट्रोलसारखे पेट घेत नाही, हा समज अर्धसत्य आहे. ज्या तापमानाला एखाद्या तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्यास त्या तेलाचा ज्वलनांक म्हणतात. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. उन्हात ठेवलेले पिंप त्याहून अधिक तापते. म्हणजे हिवाळ्यात जे डिझेल निरुपद्रवी वाटते, त्याचीच वाफ उन्हाळ्यात ठिणगीची वाट पाहत असते. यासाठी साठा सावलीत व मोकळ्या हवेत ठेवावा आणि उन्हाळ्यात उपसा भल्या सकाळी करावा.

पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश आहे. साध्या डिझेल पंपाच्या मोटारीत कार्बनच्या ब्रशांपाशी ठिणग्या उडत असतात. या पंपाने पेट्रोल कदापि उपसू नये. त्यासाठी ज्वालारोधक बांधणीचे, प्रमाणित पंपच लागतात.

बॅटरी भरत असताना तीतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. म्हणून बॅटरी, नियंत्रक आणि बटण ही तिन्ही पिंपापासून दूर, शक्य तर भिंतीच्या पलीकडे, हवेशीर पेटीत ठेवावीत. ट्रॅक्टरच्या बॅटरीला चिमटे लावून पंप चालविण्याची पद्धत याच कारणास्तव टाळावी. चिमटा लावताना व काढताना हमखास ठिणगी पडते आणि ती पिंपालगतच पडते. नळीतून वेगाने वाहणाऱ्या इंधनामुळे स्थिर विद्युत् निर्माण होते. तिच्या निचऱ्यासाठी पिंप व पंप तारेने भूमीशी जोडावेत, तोटी टाकीच्या धातूला टेकलेली ठेवावी, आणि कॅन वाहनात ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरावा. इंजिन बंद करूनच टाकी भरावी. जवळ वाळूच्या बादल्या आणि कोरड्या रासायनिक भुकटीचे किंवा फेसाचे अग्निशामक असावे. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये. तेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

कायद्याची मर्यादा

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये डिझेल हे ‘ब’ वर्गात मोडते. एकूण साठा २,५०० लिटरपेक्षा अधिक नसेल आणि त्यातील कोणतेही पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर या वर्गाच्या साठ्यास परवाना लागत नाही. ‘अ’ वर्गातील पेट्रोलसाठी ही सूट विक्रीसाठी नसलेल्या केवळ ३० लिटरपुरती आहे. परवान्यातून सूट म्हणजे दक्षतेतून सूट नव्हे, तसेच ती किरकोळ विक्रीची मुभाही नव्हे. या विषयाची देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूर येथे आहे. मोठा साठा करू इच्छिणाऱ्या संस्थांनी प्रथम जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

शाळेतील उपयोग

माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांना या यंत्रणेत एक उत्तम पाठ सापडेल. दोनशे लिटर डिझेलचे वजन सुमारे १६८ किलो असते. ते दोन मीटर उंच चढविण्यासाठी लागणारे कार्य सुमारे ३,३०० ज्यूल, म्हणजे एक वॅट-तासाहूनही कमी येते. प्रत्यक्षात पंप १५ वॅट-तास घेतो. उरलेली ऊर्जा कोठे गेली? नळीतील घर्षण, मोटारीची उष्णता व पंपातील गळती यांचा विचार विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. प्रयोग मात्र पाण्याचा लहान पंप, लहान पॅनेल आणि बादली एवढ्यावरच करावा; इंधन वर्गात आणू नये.

विवेकाने निवड

प्रत्येक गावाला ही यंत्रणा हवी, असे प्रतिपादन करण्याचा येथे हेतू नाही. जेथे वापर कमी, तेथे हातपंप श्रेयस्कर. जेथे रोजचा वापर आहे, पावसाळ्यात संपर्क तुटतो, किंवा आरोग्य केंद्र व पाणीपुरवठा यांचे राखीव इंजिन रात्रीही तयार ठेवावे लागते, तेथे ती उपकारक ठरेल. त्याच पॅनेलवर साठ्याच्या खोलीबाहेर एखादा मंद दिवा लावल्यास अंधारात काडी पेटवून पिंपात डोकावण्याचा अनर्थही टळेल.

ग्रामपंचायतींनी या संदर्भात तीन गोष्टी तातडीने कराव्यात. आपल्या हद्दीत सार्वजनिक कामासाठी डिझेल कोठे व किती साठविले जाते, त्याची यादी करावी. ते कोणत्या रीतीने उपसले जाते, हे प्रत्यक्ष पाहावे. आणि तोंडाने नळी ओढण्याची पद्धत जेथे आढळेल, तेथे हातपंप असो वा सौर पंप, योग्य साधन उपलब्ध करून द्यावे. काही पावसाळी रात्री दिवा तेवत राहावा आणि लसी शाबूत राहाव्यात, यासाठी कोणा कर्मचाऱ्याने आपली फुप्फुसे पणाला लावण्याचे काही कारण नाही. पाच मिनिटांचे हे काम दिवसभराच्या उन्हातील अल्पसा वाटा घेऊन सुखरूप पार पडू शकते.